माशाच्या रक्ताचा स्मिअर सगळा निळाच यायलाय, काय चुकतंय?

गोदाकाठची | १४ जुलै, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी, मी नांदेडला एमएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्ट मरळीच्या रक्तावर घेतलाय. पांढऱ्या पेशींचा डिफरन्शियल काउंट करायचाय, म्हणजे लिम्फोसाइट किती, न्यूट्रोफिल किती, मोनोसाइट किती वगैरे. मासे विष्णुपुरी धरणाच्या पाण्यातले, एका भोई दादांकडून जिवंत घेऊन बादलीत आणते. महिना झाला, आतापर्यंत स्मिअरच्या (रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरून) २२ स्लाइड केल्या आणि एकसुद्धा धड आली नाही. सगळं निळं. लाल पेशींना जो गुलाबी-केशरी रंग यायला पाहिजे तो येतच नाही, राखाडी निळा येतो, मधलं केंद्रक म्हणजे शाईचा डाग पडल्यासारखं, आणि काचेवर जिथं पेशीच नाहीत तिथंसुद्धा निळसर धुकं. काही स्लाइडवर तर लाल पेशींमध्ये भोकं पडल्यासारखी चकाकणारी वर्तुळं दिसतात.

माझी पद्धत: शेपटीजवळून सिरिंजनं रक्त काढते, सिरिंज आधी हिपॅरिननं (रक्त गोठू नये म्हणून) ओली करून घेते, एक थेंब स्लाइडवर, दुसऱ्या स्लाइडनं ओढते, आमच्या लॅबचा पंखा बंद आहे म्हणून शेजारच्या खोलीत ट्रेमध्ये वाळत ठेवते, दुसऱ्या दिवशी पेशी पक्क्या करायला मेथॅनॉलमध्ये ५ मिनिटं, मग जिम्सा हा रंग १ भाग आणि पाणी ९ भाग, अर्धा तास, धुवायचं, बघायचं. प्रॅक्टिकलच्या वहीत असंच लिहिलंय. ऑगस्टमध्ये प्रेझेंटेशन आहे आणि आता खरंच रडू यायलंय. कुणी केलंय का हे?

लातूर_पॅथलॅब | १४ जुलै, रात्री १०:०५

पाणी कुठलं वापरताय ते लिहिलंच नाही तुम्ही. नळाचं, बोअरचं, आरओचं?

मोंढ्यावरचा | १४ जुलै, रात्री १०:११

मला यातलं काही कळत नाही पण मराठवाड्यात कुठलाही प्रश्न विचारा, पहिलं उत्तर पाणीच येतंय बघा.

गोदाकाठची | १४ जुलै, रात्री १०:३०

सर, कॉलेजच्या बोअरचं. बेसिनच्या नळाला तेच येतं.

लातूर_पॅथलॅब | १४ जुलै, रात्री ११:०२

मग अर्धं उत्तर इथंच आहे. मी माणसांच्या रक्ताचे स्मिअर गेली १७ वर्षं करतोय, माशांचे नाही, पण रंगाचा हिशोब एकच. जिम्सा काय, लिशमन काय, राइट काय, सगळे एकाच घराण्यातले. त्यात दोन रंग असतात, इओसिन जो गुलाबी आणि मिथिलीन ब्लूपासून झालेले अझुर जे निळे. कोण कुठं जाऊन बसणार हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे ते आम्लधर्मी का अल्कधर्मी यावर, ठरतं. पाणी अल्कधर्मी असलं की निळा शिरजोर होतो आणि हिमोग्लोबिनला इओसिन नीट धरतच नाही, म्हणून लाल पेशी राखाडी. पाणी आम्लधर्मी असलं की उलटं, सगळं गुलाबी होतं आणि केंद्रक फिकं पडतं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, क्षारांचं, किटलीला पांढरा थर धरणारं. ते या कामाला चालत नाही म्हणजे नाहीच.

बफर करा, म्हणजे पीएच एका जागी धरून ठेवणारं पाणी. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, पाणी नसलेलं, ९.४७ ग्रॅम एका लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये. दुसऱ्या बाटलीत पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ९.०८ ग्रॅम, तेही एका लिटरमध्ये. दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे मिसळले की पीएच ६.८ येतो. मीटरवर तपासून घ्या, आणि मीटर नसेल तर पीएच पेपरवर तरी बघाच. जिम्सा याच पाण्यात पातळ करा आणि धुवायलासुद्धा हेच पाणी घ्या. बरेच जण रंग बफरमध्ये करतात आणि धुताना नळाखाली धरतात, मग सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं, खरोखरीचं.

उदगीर_मत्स्य | १५ जुलै, सकाळी ७:१८

लातूरच्या सरांचं बरोबर आहे पण मला पहिला संशय हिपॅरिनवर आहे. ताई, तुम्ही लिहिलंय की पेशी नाहीत तिथंसुद्धा निळसर धुकं. हे हिपॅरिनचं काम. हिपॅरिन मिसळलेल्या रक्ताचा स्मिअर रोमानोव्स्की घराण्यातल्या, म्हणजे सरांनी सांगितलेल्या जिम्सा-लिशमनसारख्या, कुठल्याही रंगानं रंगवा, मागचा पडदा निळा येतो. पाणी कितीही चांगलं घेतलं तरी.

मग ईडीटीए वापरायचं का, तेही रक्त गोठू न देणारंच? माणसांच्या लॅबमध्ये तेच असतं, जांभळ्या झाकणाची ट्यूब. पण माशात प्रत्येक जातीचं वेगळं. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प माशाच्या रक्तात ईडीटीए टाकलं की लाल पेशी फुटतात, हे मी स्वतः बघितलंय, ट्यूबमधला वरचा प्लाझ्मा सरबतासारखा लाल. मरळीचं तुम्ही स्वतः करून बघा.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे स्मिअरसाठी काहीच टाकू नका. सुई बाहेर काढली की लगेच पहिला थेंब सरळ स्लाइडवर आणि तिथल्या तिथं ओढायचा. माशाचं रक्त फार लवकर गोठतं, माणसासारखी सवड मिळत नाही, म्हणून स्लाइड, ओढायची स्लाइड, कापूस सगळं आधी मांडून ठेवायचं, देवपूजेची तयारी करतो तसं. उरलेलं रक्त मग हिपॅरिनच्या ट्यूबमध्ये घाला, हिमोग्लोबिन आणि मोजणीसाठी. ट्यूबमध्ये घालताना सिरिंजची सुई काढून घाला, सुईतून जोरात दाबलं की पेशी फुटतात.

गोदाकाठची | १५ जुलै, सकाळी ८:०१

अरे देवा. मला तर सांगितलं होतं हिपॅरिन नसेल तर सुईतच गोठेल.

उदगीर_मत्स्य | १५ जुलै, सकाळी ८:२०

गोठतं, जर तुम्ही शोधत बसलात तर. दोन-तीनदा सुई आतबाहेर केली की ऊतींचा रस रक्तात मिसळतो आणि तो गोठायला घाई करतो. शेपटीवरचा चिकट स्राव आधी कोरड्या कापसानं पुसून घ्या, तो रक्तात गेला तरी तेच. आणि पाण्याचा थेंब राहू देऊ नका, पाणी लागलं की लाल पेशी फुगून फुटतात. २ मिलीची सिरिंज, २२ ते २४ गेजची सुई, शेपटीच्या दांड्यावर खालच्या बाजूनं बरोबर मधोमध आत, मणक्याला टेकली की उलीशी मागे, आणि दट्ट्या हळू ओढायचा. जोरात ओढला की शिर चिकटते आणि काहीच येत नाही. शेपूट कापून रक्त घेणारे असतात, ते करू नका, अर्धं पाणी अर्धा रस येतो.

विष्णुपुरीचा_भोई | १५ जुलै, दुपारी १:५५

ताई मासे माझ्यासारख्याच कुणाकडून नेत असतील म्हणून लिहायलोय. मरळ बादलीत काठोकाठ पाणी भरून झाकण लावून नेऊ नका. मरळ वर येऊन हवा घेते, तिला वर जागा नाही ठेवली तर पाण्यात असूनही गुदमरून मरती. पाणी निम्मं ठेवा आणि वर जाळी बांधा, उडी लई मारती ती. आणि आणल्या आणल्या सुई नका टोचू, घाबरलेली असती.

परभणी_गुरांचा_डॉक्टर | १५ जुलै, दुपारी २:३०

भोई दादांनी लाखमोलाचं सांगितलं आणि त्याचा संबंध सरळ ताईंच्या मोजणीशी आहे. मासा घाबरला, धडपडला की काही तासांत रक्तातले लिम्फोसाइट कमी होतात आणि न्यूट्रोफिल वाढतात. म्हणजे तुम्ही मरळीचं रक्त मोजत नाही, बादलीतल्या प्रवासाचं मोजता. मासे निदान काही दिवस टाकीत सवयीचे होऊ द्या, टाकीवर काळं कापड टाका. रक्त काढताना भूल द्या, लवंग तेल थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाण्यात, कारण नुसतं तेल पाण्यावर तरंगत राहतं. मासा आडवा झाला, चिमटा घेतला तरी हलेना की मग काढा. दर वेळी तेवढाच वेळ, तेवढीच मात्रा. आणि हे सगळं गाइडना सांगून, कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी घेऊनच.

मोंढ्यावरचा | १५ जुलै, दुपारी ३:१२

लवंगाच्या पाण्यातली मरळ म्हणजे निम्मं कालवण झालंच की. रक्त काढून झाल्यावर मासा खाता येतो का?

परभणी_गुरांचा_डॉक्टर | १५ जुलै, दुपारी ३:४०

नाही. भूल दिलेला, प्रयोगातला मासा ताटात येऊ द्यायचा नाही. आणि मारायची गरजही नाही, नीट काढलं तर थोडंसं रक्त देऊन मासा स्वच्छ पाण्यात पुन्हा शुद्धीवर येतो.

विष्णुपुरीचा_भोई | १५ जुलै, संध्याकाळी ६:१०

हे वाचून बरं वाटलं. मला वाटलं दर खेपेला मारूनच टाकतेत.

हिवताप_मामा | १५ जुलै, रात्री ८:४५

मी हिवताप विभागात लॅब टेक्निशियन होतो, आता निवृत्त. बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३० वर्षं काढली, हजारो स्लाइड डोळ्याखालून गेल्या. आमच्याकडं जेएसबी स्टेन चालायचा, कुणा कुणाला आठवत असेल, जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या आपल्याच लोकांनी मलेरियाच्या कामासाठी काढलेला, स्वस्त आणि झटपट. माशाचं रक्त मी कधी पाहिलं नाही पण बाळ तुझ्या पद्धतीतली एक गोष्ट मला खटकली ती म्हणजे रात्रभर स्लाइड उघडी ठेवणं.

रक्त वाळलं की लगेच मेथॅनॉलमध्ये घालायचं, फार तर तासाभरात. न घातलेली स्लाइड जुनी होत जाते आणि रंगवल्यावर निळी येते, कारण वाळलेला प्लाझ्माच रंग धरतो. दुसरं म्हणजे माश्या, मुंग्या आणि झुरळं. रक्ताची स्लाइड म्हणजे त्यांना मेजवानी. माजलगावकडच्या एका केंद्रावर मी संध्याकाळी ४० स्लाइड रॅकमध्ये ठेवून गेलो आणि सकाळी बघतो तर काचेवर मुंग्यांनी खाऊन नक्षी काढलेली, कुठं कुठं तर फक्त रक्ताची कड उरलेली. त्या ४० माणसांना पुन्हा गाठायला मला आठ दिवस लागले, त्यातले काही ऊसतोडीला निघून गेले होते ते गेलेच. तेव्हापासून रॅकच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचो, घरी लाडवाच्या डब्याला ठेवतात तशा.

तिसरं, तुझी ती चकाकणारी भोकं. ते पावसाळ्याचं दुखणं. हवा दमट असली की स्मिअर सावकाश वाळतो आणि लाल पेशीत पाणी अडकतं. मेथॅनॉलची बाटली उघडी राहिली तरी तेच, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. छोटी बाटली घे, झाकण घट्ट लाव, थोडं थोडं काढून वापर आणि वापरलेलं परत बाटलीत ओतू नको. स्लाइड हातात धरून जोरात हलव किंवा केस वाळवायचं यंत्र थंड हवेवर लावून धर, दहा-पंधरा सेकंदांत वाळली पाहिजे. मेथॅनॉल विष आहे हे ध्यानात ठेव, पोटात गेलं तर डोळे जातात, खिडकी उघडी ठेव आणि जवळ दिवा नको.

लातूर_पॅथलॅब | १५ जुलै, रात्री ९:२०

मामा, दंडवत. फक्त पीएचवर तुमचं मत सांगा, मी ६.८ सांगितलं.

हिवताप_मामा | १५ जुलै, रात्री ९:५१

आम्ही ७.२ ठेवायचो. परजीवी त्यात जास्त उठून दिसतो, निळा जीवद्रव आणि लाल ठिपका वेगळे कळतात. तुमच्या बाटल्यांच्या हिशोबानं डायसोडियमचं ७२ मिली आणि पोटॅशियमचं २८ मिली. पण मुलीला पेशी मोजायच्यात, तिला ६.८ ठीक.

मांजराकाठ | १५ जुलै, रात्री १०:१५

पाण्यावरून आठवलं. २०१६ ला लातुरात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा मी तिथं बीएस्सीला होतो. लॅबमध्ये काचेचा डिस्टिलेशन प्लांट होता, तो चालवायचा म्हणजे एक लिटर शुद्ध पाण्यासाठी थंड करायला कितीतरी लिटर पाणी नळातून सोडून द्यावं लागायचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी तो बंद केला आणि म्हणाल्या, या गावात आत्ता पाणी असं वाहू द्यायचं नाही. मग आम्ही काय केलं, बॅटरीच्या दुकानातून डीमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याचे कॅन आणले. वर्षभर त्यावर सगळे स्टेन केले आणि व्यवस्थित आले. अजूनही ज्यांच्याकडं डिस्टिल्ड नाही त्यांना मी तेच सांगतो. बफरच्या पुड्या त्यात घाला, झालं.

गोदाकाठची | १५ जुलै, रात्री १०:४०

आरओचं चालेल का? आमच्या कँटीनला आहे.

मांजराकाठ | १५ जुलै, रात्री १०:४८

नुसतं नको. आरओचं पाणी बऱ्याचदा उलीसं आम्लधर्मी असतं आणि त्याचा पीएच टिकत नाही. बफर घालणार असाल तर अडीअडचणीला चालेल.

उदगीर_मत्स्य | १६ जुलै, सकाळी ७:४०

आता एक वेगळा मुद्दा. ताई, लिशमन करून बघा. जिम्साला आधी वेगळं मेथॅनॉल लागतं, लिशमनमध्ये मेथॅनॉल आधीच असतं. ८-१० थेंब टाका, दोन मिनिटं थांबा, तेवढ्यात पेशी पक्क्या होतात, मग दुप्पट बफर टाकून फुंकर मारून मिसळा, वर सोनेरी-हिरवट साय धरली की समजा जमलं, ८-१० मिनिटांनी धुवा. पांढऱ्या पेशींचे दाणे लिशमनमध्ये जास्त चांगले दिसतात असं माझं मत.

हिवताप_मामा | १६ जुलै, सकाळी ९:०५

माझं मत उलटं आहे. लिशमन उन्हाळ्यात आपल्याकडं धोका देतो. एप्रिल-मे मध्ये ४२-४३ डिग्रीत मेथॅनॉल स्लाइडवरच उडून जातं आणि रंगाची माती बसते, काळे काळे कण, नवख्याला वाटतं जिवाणू दिसले. जिम्सा पाण्यात असतो, अर्धा तास निवांत बसतो. फक्त पातळ केलेला जिम्सा त्याच दिवशी वापरायचा, उरलेला ओतून द्यायचा, आणि मूळ रंगाच्या बाटलीत पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही, ओला पिपेट तर अजिबात नाही.

जाता जाता सांगतो, रोमानोव्स्कीनं १८९१ मध्ये हे दोन रंग एकत्र करून मलेरियाचा परजीवी रंगवला, लिशमननं १९०१ मध्ये आपला काढला आणि जिम्सा हा हॅम्बुर्गचा रसायनशास्त्रज्ञ, त्याचा १९०४ चा. आणि रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ ला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला तो सिकंदराबादला, तेव्हा आपला मराठवाडाही त्याच निजामाच्या राज्यात होता. नोकरीत असताना दर २० ऑगस्टला मी केंद्रावरच्या मुलांना हे सांगायचो.

उदगीर_मत्स्य | १६ जुलै, सकाळी ९:३०

मामा, उन्हाळ्याचं मान्य. पेट्री डिशखाली झाकून केलं तर कण बसत नाहीत, आणि रंग आधी फिल्टर पेपरमधून गाळून घ्यायचा. पण जुलैत लिशमनच.

खाम_नदी | १६ जुलै, सकाळी ११:०८

त्या काळ्या कणांवरून माझं. मी संभाजीनगरला मायक्रोन्यूक्लिअस टेस्ट करायचे, प्रदूषित पाण्यातल्या माशांच्या लाल पेशीत मुख्य केंद्रकाशेजारी छोटं केंद्रक दिसतं का ते शोधायचं. पहिल्या महिन्यात माझा आकडा इतका मोठा आला की मी घाबरले, आणि नंतर कळलं त्यातले बरेचसे स्टेनचे कण होते. ओळखायची खूण अशी, फोकस उलीसा वरखाली केला की कण चकाकतो आणि पेशीच्या वरच्या पातळीत असतो, खरं मायक्रोन्यूक्लिअस चकाकत नाही, केंद्रकाच्याच रंगाचं असतं आणि त्याच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं नसतं. मला सगळ्या स्लाइड पुन्हा मोजाव्या लागल्या. म्हणून सांगते, रंग गाळून घ्या, आळस करू नका.

गोदाकाठची | १६ जुलै, दुपारी १२:१५

सगळ्यांचे किती आभार मानू. अजून एक विचारते, लिम्फोसाइट आणि थ्रॉम्बोसाइट यांतला फरक मला कळतच नाही. माणसात प्लेटलेट म्हणजे नुसता तुकडा असतो, माशात तर तिलाही केंद्रक आहे.

उदगीर_मत्स्य | १६ जुलै, रात्री ८:३५

हा खरा अवघड प्रश्न आणि इथंच सगळ्यांचे आकडे चुकतात. १००च्या लेन्सखाली तेल टाकून नीट बघा. आधी लाल पेशी ओळखीची करून घ्या, लांबट गोल, तांदळाच्या दाण्यापेक्षा गुबगुबीत, माणसाच्या लाल पेशीपेक्षा मोठी आणि मधोमध जांभळं केंद्रक. काही लाल पेशी जास्त गोल आणि निळसर दिसतील, त्या कोवळ्या पेशी, त्यांना मोनोसाइट म्हणू नका.

लिम्फोसाइट म्हणजे गोल, केंद्रकानं जवळजवळ सगळी पेशी भरलेली, कडेनं निळ्या जीवद्रवाची बारीक किनार, कधी कधी त्या किनारीला छोटे छोटे फुगे. थ्रॉम्बोसाइट बहुतेक वेळा चरख्याच्या चातीसारखी, दोन्ही टोकं निमुळती, केंद्रक गच्च गडद आणि लांबट, कधी त्यावर एक खाच, आणि जीवद्रव जवळजवळ बिनरंगाचं, दिसलं न दिसलं. त्या बऱ्याचदा तीन-चार मिळून चिकटून बसतात कारण गोठवणं हेच त्यांचं काम. गोल झालेली थ्रॉम्बोसाइट फसवते, तेव्हा किनारीचा रंग बघा, निळी असेल तर लिम्फोसाइट, काचेसारखी असेल तर थ्रॉम्बोसाइट. तुमच्या निळ्या धुक्यात हाच फरक पुसला जातोय, म्हणून कळत नाहीये, तुमच्या डोळ्यांचा दोष नाही.

आणि नुसती उघडी, पसरलेली केंद्रकं दिसली तर त्या ओढताना फुटलेल्या पेशी. ओढायची स्लाइड ३०-४५ अंशात, हात हलका, दाबायचं नाही. थेंब छोटा, ज्वारीच्या दाण्याएवढा. स्मिअर जिथं पातळ होत संपतो तिथं बघायचं, जाड भागात पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात.

स्लाइड_धुणारी | १६ जुलै, रात्री ९:१०

नवीन डब्यातल्या स्लाइडसुद्धा धुवून घ्या. तेलकट असतात. स्पिरिटनं पुसून कडेनं धरायच्या, बोट मध्ये लावलं की तिथं भोक पडलंच.

विष्णुपुरीचा_भोई | १७ जुलै, सकाळी ६:३०

मरळीला कधी कधी जळवा चिकटलेल्या असतात, गाळातल्या माशाला जास्त. असला मासा ताईला द्यायचा का नाही?

परभणी_गुरांचा_डॉक्टर | १७ जुलै, सकाळी १०:००

द्या, पण सांगून द्या! दादा, माशांच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा नावाचा परजीवी असतो आणि तो जळवांमधूनच एका माशातून दुसऱ्यात जातो. आपल्याकडच्या मरळ-मांगूरमध्ये तो सापडलेला आहे. ताई, असा मासा आला तर रंगवायच्या आधी एक थेंब ताजं रक्त कव्हर स्लिपखाली ४०च्या लेन्सवर बघा. परजीवी दिसायच्या आधी त्याच्या धक्क्यानं लाल पेशी हललेल्या दिसतील, शेतात उंदीर शिरल्यावर ज्वारीची ताटं हलावीत तशा. तो मासा तुमच्या निरोगी माशांच्या आकड्यात धरू नका, वेगळा नोंदवा.

आणि मला एक विचारायचंय. तुम्ही लिहिलं की स्लाइड शेजारच्या खोलीत वाळत ठेवता. त्या खोलीत काय आहे?

गोदाकाठची | १७ जुलै, सकाळी १०:२२

म्युझियम आहे सर. बरण्यांमध्ये ठेवलेले मासे, साप, बेडूक. पंखा तिथलाच चालू आहे.

परभणी_गुरांचा_डॉक्टर | १७ जुलै, सकाळी १०:२५

बरण्यांत फॉर्मेलिन?

गोदाकाठची | १७ जुलै, सकाळी १०:२६

हो. डोळे चुरचुरतात तिथं गेलं की.

परभणी_गुरांचा_डॉक्टर | १७ जुलै, सकाळी १०:४०

मग ताई ऐका. फॉर्मेलिनची वाफ न पक्क्या केलेल्या स्मिअरला लागली की तो स्मिअर वाया गेला समजा. पेशी त्या वाफेनंच अर्ध्यामुर्ध्या पक्क्या होतात आणि मग जिम्सा काय, लिशमन काय, निळसर-हिरवटच येतो, केंद्रकाचा तपशील जातो. तुम्ही तर रात्रभर तिथं ठेवता आणि वर पंखा. मी शिकत असताना पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर ऊतींची फॉर्मेलिनची बाटली आणि रक्ताच्या स्लाइड एकाच डब्यात घालून आणल्या होत्या, सगळ्या गेल्या. ते जनावर तर पुरलेलं होतं, पुन्हा रक्त कुठून आणणार.

लातूर_पॅथलॅब | १७ जुलै, सकाळी ११:१५

हे माझ्या ध्यानातच आलं नसतं. आमच्याकडं रक्त आणि बायोप्सीच्या खोल्या वेगळ्या असतात त्यामुळं कधी अनुभवच नाही. पण मी अजूनही म्हणतो पाणी.

उदगीर_मत्स्य | १७ जुलै, सकाळी ११:४०

आणि मी हिपॅरिन. ताई, आता एकच करा, एकाच माशाच्या एकाच वेळच्या रक्ताच्या पाच-सहा स्लाइड करा आणि प्रत्येकीत एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं तर चांगल्या येतील पण कशानं आल्या ते कळणार नाही.

स्लाइड_धुणारी | १७ जुलै, दुपारी १२:०५

नावं पेन्सिलीनं लिही गं, घासलेल्या टोकाच्या स्लाइडवर. मार्करची शाई मेथॅनॉलमध्ये विरघळते.

गोदाकाठची | २९ जुलै, रात्री ११:२०

उशीर झाला लिहायला, माफ करा, पण करून बघितलं. लवंग तेल देऊन एका मरळीचं रक्त काढलं, मासा अर्ध्या तासात टाकीत फिरायला लागला, दादा, तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

पाच स्लाइड. पहिली माझ्या जुन्या पद्धतीनं, सगळं तेच. दुसरी, थेंब सरळ सुईतून म्हणजे हिपॅरिन नाही, बाकी जुनं. तिसरी, बफर ६.८, बाकी जुनं. चौथी, वाळवणं लॅबमध्येच, घरून आणलेल्या ड्रायरच्या थंड हवेवर आणि पंधरा मिनिटांत मेथॅनॉल, बाकी जुनं. पाचवी, सगळं नवीन. (पहिल्या खेपेला मार्करनं नावं लिहिली होती, स्लाइड_धुणारी ताईंचा निरोप नंतर वाचला, पाचही कोऱ्या झाल्या आणि दोन दिवस थांबून पुन्हा रक्त काढावं लागलं.)

निकाल: पहिली निळी, नेहमीसारखी. दुसरीत मागचं धुकं गेलं पण पेशी निळ्याच. तिसरीत फार थोडा फरक, हे मला अपेक्षित नव्हतं. चौथीत पहिल्यांदा केंद्रकात आतले गडद-फिके पट्टे दिसले आणि भोकंही गेली, पण रंग अजून राखाडीकडं झुकलेला. आणि पाचवी... मी मायक्रोस्कोपवरून उठलेच नाही. लाल पेशी फिक्या केशरी, मध्ये जांभळं केंद्रक, मागची काच स्वच्छ, आणि कोपऱ्यात तीन थ्रॉम्बोसाइट एकमेकींना चिकटून, अगदी चातीसारख्या. शेजारी एक न्यूट्रोफिल, मूत्रपिंडाच्या आकाराचं केंद्रक. गाइड मॅडमना हाक मारली, त्यांनी बघितलं आणि काही न बोलता म्युझियमच्या खोलीची चावी स्वतःच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. लॅबच्या पंख्यासाठी अर्जही दिलाय.

परभणी_गुरांचा_डॉक्टर | २९ जुलै, रात्री ११:४१

तिसरीत फरक का पडला नाही कळलं ना? वाफेनं आधीच बिघडलेल्या पेशीला बफर वाचवू शकत नाही. पण चौथी आणि पाचवी शेजारी ठेवून बघा, पाणी आणि हिपॅरिन दोन्हीचा वाटा दिसेल.

लातूर_पॅथलॅब | ३० जुलै, सकाळी ७:३०

अभिनंदन! आता डीपीएक्सनं (काच चिकटवायचा डिंक) कव्हर स्लिप लावून टाका, आणि लावायच्या आधी तेल झायलीननं पुसा, घासू नका, नुसतं टिपा.

हिवताप_मामा | ३० जुलै, सकाळी ८:१५

शाब्बास बाळ. आता एका माशाच्या निदान दोन स्लाइड कर, आणि प्रत्येकीवर एकाच सरळ रेघेत न बघता शेतात वखर फिरवतात तसं वर-खाली करत मोज. मोठ्या पेशी कडेला जाऊन बसतात, नुसतं मधलं मोजलं तर त्या सुटतात. रॅकच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या विसरू नको.

गोदाकाठची | ३० जुलै, सकाळी ९:००

ठेवल्यात मामा, चार स्टीलच्या, घरून आणल्या. दादा, अजून सहा मरळी लागतील, सारख्याच वजनाच्या, आणि जळू असलेली असेल तर वेगळ्या बादलीत.

विष्णुपुरीचा_भोई | ३० जुलै, दुपारी १:२०

शनिवारी सकाळी या. सहा बाजूला काढून ठेवतो, टबात, वर जाळी बांधून.